डबीची वजाबाकी

चौगुल्यांच्या घरात सासरा आणि सून यांच्यात वाजलं की ते बहुधा तेलावरून वाजायचं, आणि ते तेल फोडणीचं नसायचं. विलासराव म्हणायचे, मागच्या शॉकमध्ये जाड तेल हवं. मृणाल म्हणायची, पातळच बरं. सासूबाई दोघांपुढे चहा आदळून म्हणायच्या, "भाजीत तेल किती घालू, हे एकदा तरी एवढ्या पोटतिडकीनं सांगा की कुणीतरी!" मग दोघांची एकी व्हायची, कारण सासूबाईंना बग्गीतलं काही कळत नाही याबद्दल त्यांचं पूर्ण एकमत होतं.

बग्गी म्हणजे रिमोटवर पळणारी शर्यतीची गाडी. हातभर लांब, चारही चाकांना ताकद, प्रत्येक चाकापाशी दणका गिळणारा तेलाचा शॉक, आणि मातीच्या उंचवट्यांवरून उड्या मारत सुसाट सुटणारी. तिला खेळणं म्हटलेलं विलासरावांना अजिबात खपत नसे. त्यांचं सगळं आयुष्य शिरोली नाक्यावर डिझेलचे पंप कॅलिब्रेट करण्यात गेलं होतं. स्क्रू केसभर फिरवून ट्रकचा धूर घालवणारा माणूस अशी त्यांची ख्याती. पुढे रस्त्यावरून डिझेलच हद्दपार झालं, दुकान बंद पडलं आणि केसभर फिरवायची सवय असलेली बोटं रिकामी राहिली. ती त्यांनी रिमोटच्या चाकावर ठेवली. साठी उलटल्यावर हा गृहस्थ जिल्ह्यातल्या तरण्याताठ्या पोरांना धूळ चारू लागला.

धूळ मात्र गोड होती. जोतिबाच्या डोंगराखाली एका जुन्या दगडखाणीत क्लबाचा ट्रॅक होता. तांबडी माती सुटू नये म्हणून तिच्यावर साखर कारखान्यातल्या मळीचं पाणी मारत. माती घट्ट बसायची, टायर तिला धरून पळायचे, आणि माणसांची शर्यत संपली की मुंग्यांची सुरू व्हायची.

मृणालचं माहेर इचलकरंजीचं. वडील यंत्रमागांचे जॉबर. माग बिघडला की नुसत्या आवाजावरून दोष सांगणारे. तोच कान लेकीला आला होता. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासऱ्याची गाडी अंगणातून पळताना तिनं ऐकली आणि म्हणाली, "मामंजी, मागच्या गिअरबॉक्समधलं ग्रीस आटलंय." विलासरावांनी नाक मुरडत गाडी उघडली. ग्रीस आटलं होतं. त्या दिवसापासून गाडी लावायची, म्हणजे जुळवून सज्ज करायची, मृणालनं आणि चालवायची विलासरावांनी, असं ठरून गेलं. तिचा नवरा ऋतुराज जहाजावर नोकरीला होता आणि त्याला यातल्या कशातच काडीचा रस नव्हता, हेही एका अर्थी बरंच झालं.

मग डबी आली.

काड्यापेटीएवढी ती डबी गाडीच्या पोटात बसवायची आणि शॉकमध्ये तिच्यासोबत येणारं तेल भरायचं. त्या तेलात मैद्यासारखी बारीक लोखंडाची पूड असे. शॉकभोवतीच्या तारेतून वीज सोडली की पुडीचे कण एकमेकांना धरून साखळ्या करीत आणि तेल जाड होई. वीज थांबली की पुन्हा पातळ. हे सगळं पापणी लवायच्या आत. उडीच्या वेळी पातळ, आपटताना जाड. चौगुल्यांच्या घरातलं भांडणाचं कारणच संपलं. पहिले काही दिवस दोघांनाही चुकल्या-चुकल्यासारखं झालं.

पण डबीची खरी करामत पुढेच होती. ती चालवणाऱ्याचा हात शिकायची. प्रत्येक हाताला खोड असते. कुणी वळण आधी घेतो, कुणी चाक जास्त फिरवून मग परत आणतो. रिमोटचा हुकूम पुढच्या चाकांपर्यंत जाण्याआधी डबी तो वाची, त्यात माणसाला खरोखर हवंय किती आणि हाताची खोड किती याचा अंदाज बांधी, आणि खोड वजा करून उरलेलं तेवढंच चाकांना सांगे. खोड दिसल्यावर वजा करायला बसली तर उशीर होईल, म्हणून ती येणारच असं धरून डबी आधीच उलटा धक्का तयार ठेवी. बनवणाऱ्यांचा दावा होता की डबीनं चांगला चालक आणखी चांगला होतो. तो खराच होता. विलासराव डबी बसवल्यापासून असे काही पळत सुटले, की लोक त्यांचं वय विचारायचे बंद झाले.

क्लबाचे अध्यक्ष इरफान मुजावर, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, यांना मात्र ही डबी पहिल्यापासून डोळ्यांत खुपायची. त्यांनी नियम घातला की मोसमातली फायनल डबीशिवाय व्हायची. तिला 'कोरी फेरी' म्हणत. त्या दिवशी सगळ्यांनी डब्या काढून मुजावर सरांपुढच्या स्टीलच्या परातीत ठेवायच्या, शॉकमध्ये साधं तेल भरायचं आणि स्वतःच्या हातावर पळायचं. गंमत म्हणजे सर स्वतः इतर दिवशी डबी लावूनच पळत.

एका रविवारी सरावात विलासरावांची फेरी झाली. आपली फेरी संपली की पुढच्या फेरीला ट्रॅकमध्ये उभं राहून इतरांच्या उलटलेल्या गाड्या सरळ करून द्यायच्या, असा तिथला रिवाज. ते त्या कामाला गेले. मृणालला नवे टायर पाहायचे होते, म्हणून तिनं त्यांचा रिमोट उचलला आणि बाजूच्या सरावाच्या पट्टीवर गाडी सोडली.

वळणात गाडी छान वळली. सरळ पट्टीवर आल्याबरोबर मात्र तिचं नाक थरथरू लागलं. बारीक, भराभरा, डावी-उजवी, डावी-उजवी. मृणालनं हाताकडे पाहिलं. हात स्थिर होता. पुन्हा वळणात घातली, थरथर गेली. सरळ आणली, थरथर हजर.

आठवडाभर तिनं गाडीचा पार कीस काढला. पुढचे बॉल जॉइंट बदलले, स्टिअरिंग फिरवणारी सर्वो मोटर बदलली, बेअरिंग धुतले, चाकांचे नट तपासले. कुठे काही नाही. मग उरली डबी. बिघडली असणार, असं म्हणून तिनं डबीनं शिकलेलं सगळं पुसून ती कोरी केली आणि गाडी पळवून पाहिली. सुतासारखी सरळ! मृणालनं स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. चालकाला न विचारता डबी पुसायची नाही, हा क्लबातला लिहून न ठेवलेला कायदा तिला माहीत होता. पण दुरुस्तच तर केली होती, सांगायचं काय त्यात?

पुढच्या रविवारी फायनलआधीची शेवटची फेरी. विलासराव चालकांच्या मचाणावर चढले, गाडी सुटली आणि पहिल्याच सरळ पट्टीवर सापासारखी वळवळत गेली. उडीवर वाकडी उडाली, वाकडी आपटली आणि कोलांट्या खात कुंपणात घुसली. विलासराव असे कधी पडले नव्हते.

"काय केलंस गाडीला?" ते खाली उतरत ओरडले. सगळा क्लब ऐकत होता.

"डबी पुसली मामंजी. बिघडली होती."

"कुणाला विचारून? चांगली पळणारी गाडी! तुला लावाय येत न्हाई तर हात लावू नकोस. इतकी वर्षं कौतुक केलं, तीच चूक झाली माझी."

मृणालच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. ती चाक धरून ठेवणारा मोडलेला पुढचा आर्म बदलायला बसली. फायनलमधली त्यांची जागा आधीच्या गुणांवर पक्की होती, पण तिचं नाव मात्र त्या दुपारी पार धुळीला मिळालं. शेजारच्या टेबलांवरचे लोक तिच्याकडे न पाहता तिच्याबद्दल बोलत होते.

विलासराव हट्टानं दिवसभर सरावाच्या पट्टीवर गाडी पळवत राहिले. डबी त्यांचा हात पुन्हा शिकत गेली. चार वाजेपर्यंत गाडी सरळ पळू लागली. "बघितलंस? डबीला न्हाई, तुला झालं होतं कायतरी," असं म्हणून ते चहाला गेले.

मृणालनं रिमोट उचलला. गाडी सोडली. सरळ पट्टीवर नाक थरथरलं.

ती जागच्या जागी थांबली. कोरी डबी आणि तिचा हात, गाडी सरळ. कोरी डबी आणि त्यांचा हात, गाडी वाकडी. शिकलेली डबी आणि त्यांचा हात, सरळ. शिकलेली डबी आणि तिचा हात, वाकडी. गाडी धड होती. डबी धड होती. डबी कसली तरी थरथर वजा करत होती, आणि तिच्या हातात ती थरथर नव्हतीच, म्हणून नुसती वजाबाकीच चाकांपर्यंत जात होती. वळण घेताना माणसाचा हात कामात असतो. सरळ पट्टीवर तो नुसता टेकलेला असतो, आणि नेमकी तिथंच थरथर होती.

तिनं चहाच्या गाड्याकडे पाहिलं. विलासराव मुजावर सरांशी बोलत होते. उजवा हात डाव्या काखेत दाबून. कित्येक महिने ते असेच उभे राहत होते आणि तिला वाटायचं, ही त्यांची ऐट आहे.

राग कुठच्या कुठे गेला, आणि तो गेल्याचाही तिला रागच आला. सांगितलं तर या माणसाचा सगळा ताठा ज्या हातावर उभा आहे तोच काढून घेतल्यासारखं. नाही सांगितलं तर कोऱ्या फेरीत साऱ्या कोल्हापूरसमोर त्याचा हात उघडा पडणार, आणि दोष पुन्हा तिच्या माथी येणार. दोष माथी घेऊन गप्प बसायचीही तिची तयारी झाली असती. पण हा आजार असला तर तो गप्प बसणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं अंगणात गाडी ठेवली.

"मामंजी, जरा बाहेर या. गाडी मी चालवते. तुम्ही माझ्या हाताकडं बघा, गाडीकडं नको."

"कालचा राग गेला न्हाई का अजून?"

"न्हाई गेला. तरी बघा."

तिनं फाटकापर्यंत गाडी सरळ नेली. "माझा हात हलतोय?"

"न्हाई."

"आता गाडी बघा."

विलासरावांनी गाडी पाहिली. मग मृणालनं डबी मधून काढून वायर थेट जोडली आणि तोच हात, तीच गाडी, पुन्हा तशीच नेली. गाडी सरळ गेली. आयुष्यभर पंप कॅलिब्रेट केलेल्या माणसाला याहून जास्त सांगावं लागलं नाही. ते पायरीवर बसले. उजवा हात त्यांनी पहिल्यांदाच काखेतून काढून मांडीवर ठेवला. अंगठा आणि तर्जनी, गोळी वळावी तशी, आपापली हलत होती.

"मला दिसत होतं गं," ते म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यापासनं. पण म्हटलं, गाडी सुतासारखी पळतीय म्हणजे हात ठीक असणार. गाडी खोटं बोलत न्हाई."

"गाडी न्हाई बोलली. डबी बोलली."

"मायाळूच म्हणायची मग. वर्षभर समजू दिलं न्हाई." ते हसले, पण डोळे भरून आले होते. "आणि मी तुला सगळ्यांदेखत बोललो."

"बोललाच."

"फायनलला उतरायचं न्हाई म्हणतीस?"

"तसं मी कुठं म्हटलं? उतरा. पण आधी डॉक्टर. तोवर मी गाडीला हात लावणार न्हाई, आणि माझ्याशिवाय ती तुम्हाला लावता येत न्हाई, हे तुम्हालाबी ठाऊक आहे."

डॉक्टर बाईंनी त्यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावले. कंपवाताचा अगदी पहिला टप्पा, त्या म्हणाल्या. औषधं आहेत, व्यायाम आहेत, आणि वेळही हातात आहे. मग मृणालनं सांगितलेली गाडीची हकीकत त्यांनी दोनदा ऐकली. "तुमच्या त्या डबीला हे माझ्याआधी कळलं होतं," त्या म्हणाल्या. "फक्त तिनं कुणाला सांगितलं नाही." औषधाचा गुण यायला वेळ लागणार होता, आणि फायनल दारात उभी होती.

मृणालनं गाडी टेबलावर घेतली. थरथर घालवायला डबी नको होती. थरथर ऐकूच न येणारी गाडी हवी होती. सर्वो आणि पुढची चाकं यांच्यामध्ये एक छोटी स्प्रिंग असते. दगडाचा दणका बसला तर तो मोटरपर्यंत जाऊ नये म्हणून ती असते, आणि सगळे चालक ती आवळून ठेवतात, म्हणजे गाडी हुकूम झटकन मानते. मृणालनं ती सैल केली. थोडी, मग आणखी थोडी. आता हाताची बारीक हालचाल त्या स्प्रिंगमध्येच मुरायची आणि ठाम वळवलेलं तेवढं चाकांपर्यंत पोचायचं. पुढच्या चाकांची नाकं तिनं जराशी आत वळवली, म्हणजे सरळ पट्टीवर गाडी आपोआप सरळ धावेल. शॉकमध्ये साधं तेल भरायची वेळ आली तेव्हा ती थांबली.

"जाड की पातळ?"

"जाड," विलासराव म्हणाले.

"पातळ."

सासूबाई आतून म्हणाल्या, "लागली परत!" आणि घराला जरा बरं वाटलं.

पातळच भरलं. गाडी मात्र थोडी बहिरी झाली होती. वळण येण्याआधीच तिला सांगावं लागे. विलासराव पहिल्या दिवशी प्रत्येक वळणावर बाहेर गेले आणि प्रत्येक वेळी मृणालनं एकच सांगितलं, "आधी." दुसऱ्या दिवशी निम्म्या वेळा. शनिवारी ते वळणाच्या कितीतरी आधी चाक फिरवून शांत उभे राहिले आणि गाडी सावकाश, पण नेमकी आत शिरली. "आयला," ते म्हणाले, "ही तर मस्त चालतीय!"

फायनलच्या दिवशी खाण माणसांनी फुलली होती. परातीत डब्या पडल्या. मुजावर सर एकेका चालकाचं नाव माइकवर घेऊ लागले. चौगुल्यांचं नाव येताच कुणीतरी मागून ओरडलं, "गाडी कुणी लावलीय, सूनबाईंनीच काय?" लोक हसले.

विलासरावांनी सरांच्या हातून माइक घेतला. उजव्या हातानं घेतला, आणि तो सगळ्यांना दिसेल इतका वर धरला. माइक हलत होता.

"हे बघा," ते म्हणाले. "मला कंपवात झालाय. मागच्या रविवारी गाडी माझ्या हातानं पडली आणि बोललो मी हिला. चूक माझी. वर्षभर डबी हे झाकत होती. कळलं ते हिला, माझी गाडी चालवून. आज डबी न्हाई. आज जी पळंल ती मृणालनं लावलेली गाडी. कुणाला हसायचं असंल त्यानं शर्यत झाल्यावर हसावं."

मृणालला कुठं बघावं कळेना. तिनं उगीचच बॅटरीची वायर पुन्हा दाबून बसवली.

शर्यत सुटली. सरळ पट्ट्यांवर चौगुल्यांची गाडी दोरी लावल्यासारखी जात होती. नागमोडी वळणांत ती मागे पडे, पुढच्या सरळ पट्टीवर ते भरून काढी. डबीची सवय झालेले तरणे हात त्या दिवशी जागोजागी चुकत होते. कुणी उडीवर, कुणी वळणात. विलासराव चुकले नाहीत. ते दुसरे आले. पहिला आलेला पोरगा मचाणावरून उतरला आणि आधी त्यांच्या पाया पडला, मग मृणालला म्हणाला, "वहिनी, ती स्प्रिंग मला पण दाखवा."

बक्षिसं झाली, मुजावर सरांनी परातीतल्या डब्या ज्याच्या त्याला परत दिल्या आणि खाण रिकामी व्हायला हवी होती. पण लोक गाड्या आवरेनात. मृणाल आपलं सामान भरत होती, तेवढ्यात तिच्या टेबलासमोर एक चालक येऊन उभा राहिला. पन्नाशीचा, भल्या दांडग्या अंगाचा. हातात गाडी, डबी बसवलेली. त्यानं रिमोट पुढे केला.

"जरा चालवून बघतीस काय? सहज."

त्याच्या मागे आणखी एक होता. त्याच्या मागे आणखी. एरवी कुणाला आपल्या रिमोटला बोट लावू न देणारी माणसं गाड्या कडेवर घेऊन गुपचूप रांगेत उभी होती.

मृणालनं विलासरावांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. तिनं पहिला रिमोट घेतला आणि पट्टीवर गाडी सोडली. सरळ गेली. त्या दांडग्या माणसानं इतका मोठा श्वास सोडला की मागचे हसले. दुसरी सरळ. तिसरी सरळ. एकेक जण गाडी घेऊन हलक्या पावलांनी जाऊ लागला.

शेवटी मुजावर सर आले. "माझीही बघ. माझं काही नाही, पण सगळ्यांनी केलं, आपण मागं का राहावं?"

गाडी वळणातून छान आली. सरळ पट्टीला लागली आणि तिचं नाक बारीक थरथरू लागलं.

मृणालनं गाडी थांबवली नाही. पुन्हा एकदा फिरवून आणली, पुन्हा तेच. तिनं रिमोट खाली ठेवला. सर मात्र गाडीकडे नाही, स्वतःच्या हाताकडे पाहत होते, आणि सगळं आयुष्य ज्यानं रेघा मारल्या त्या हाताची त्यांना एकाएकी भीती वाटलेली दिसत होती.

विलासराव पुढे झाले. त्यांनी आपल्या थरथरत्या उजव्या हातात सरांचा हात घेतला आणि घट्ट धरला.

"सर, उद्या सकाळी मला डॉक्टर बाईंकडं जायचंय," ते म्हणाले. "तुम्हीबी चला. बरोबरच जाऊ."